गाडी कुलंट खातेय, पण गळती कुठेच दिसत नाही

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल, पंधरा वर्षं ओलांडलेली, चालायला अजून ठणठणीत. गेले काही महिने कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी हळूहळू उतरतेय. वरच्या खुणेपर्यंत भरलं की दोन-तीन आठवड्यांत खालच्या खुणेशी येतं. गाडीखाली थेंब नाही. तापमानाचा काटा मधोमध, जागचा हलत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर (ऑइल तपासायच्या पट्टीवर) ऑइल स्वच्छ.

मेकॅनिकला दाखवली. त्याने तिथेच गरम इंजिनावर, कुलंटच्या यंत्रणेत दाब भरणारा प्रेशर पंप लावला, थोडा वेळ बघितलं, पंपाचा काटा उतरला नाही. म्हणाला, बाहेर गळती नाही म्हणजे आतच आहे, हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) उघडू.

मला हे पटत नाहीये. हेड उघडणं म्हणजे मोठं काम, आणि जुन्या गाडीचं हेड एकदा उघडलं की आणखी काय काय निघेल सांगता येत नाही. त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल, आणि कुठल्या क्रमाने? अनुभव सांगा.

वाफाळ

हेड नक्की कुणाचं उघडायचं म्हणाला, गाडीचं की मालकाचं?

स्पॅनरधारी

टेस्ट गरम इंजिनावर केली, मेख तिथेच आहे. इंजिन तापलं की धातू, रबर, प्लास्टिक सगळं फुगतं आणि बारीक फटी मिटतात. गाडी रात्रभर उभी राहिली की तेच सगळं आकसतं, पण प्रत्येक जण आपापल्या मापाने, आणि तेव्हा जोडातून पाझर सुटतो. वर गरम असताना जे काही बाहेर येतं ते तापलेल्या लोखंडावर तिथल्या तिथे वाळून जातं, खाली पडणार काय?

म्हणून टेस्ट सकाळी करा, गाडी सुरू करण्याआधी. रेडिएटरच्या झाकणावर जो दाब छापलेला असतो तेवढाच भरायचा. बऱ्याच गाड्यांत तो ०.९ ते १.१ बारच्या दरम्यान असतो. त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या जुन्या झालेल्या असतात, नसलेली गळती तुम्हीच तयार कराल. मग थांबा. पाच मिनिटांत काटा हलला नाही म्हणून पंप काढतात लोक. मंद गळतीला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो.

काट्याकडे टक लावून बसू नका, टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. होज पाइपांची टोकं, थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी जिथे घडी मारून जोडलेली असते ती कड, वॉटर पंप, आणि इंजिनाच्या मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याकडे) जाणारे हीटरचे दोन पाइप. सगळ्यांच्या खालच्या बाजूने बोट फिरवायचं. वरून कोरडं दिसणारं खालून ओलं असतं.

उलटतपासणी

एक मिनिट. गळती आहे हे आधी सिद्ध झालंय का?

पातळी कधी बघता? गार असताना की गाडी चालवून आल्यावर? पाच-सहा लिटरच्या यंत्रणेत गार आणि गरम यात पाव लिटरच्या आसपास फरक पडू शकतो. कधी सपाट जागेवर बघितलं, कधी उतारावर, तर आकड्याला अर्थ नाही. शिवाय काही जण वरच्या खुणेच्याही वर भरतात. जास्तीचं गरम झाल्यावर झाकणातून बाहेर जातं, पातळी खाली येते, मालक घाबरतो, परत भरतो. हा खेळ वर्षभर चालू शकतो.

तिसरा_गिअर

उलटतपासणी, रास्त शंका. पण बाटलीवर चिकटपट्टी लावून खूण केली आहे, रोज सकाळी गार असताना, एकाच जागी उभी असताना बघतो. उतरतेय हे नक्की.

स्पॅनरधारी, धन्यवाद. गार टेस्टचं आता पटलं. तापमानाच्या काट्याबद्दल मात्र प्रश्न आहे: तो स्थिर आहे म्हणजे इंजिन सुरक्षित, असं धरायचं ना?

स्पॅनरधारी

नका धरू. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी तो मधोमधच राहतो, म्हणजे चालक उगाच अस्वस्थ होत नाही. आणि पातळी खूपच खाली गेली तर सेन्सर कुलंटात बुडलेलाच राहत नाही, मग तो दाखवतो ते खरं नसतं. हीटर लावून गार हवा आली तर समजा आत हवा भरली आहे. तो इशारा काट्याच्या आधी मिळतो.

सावकाश_काका

आमच्या वेळी एवढं नव्हतं हो. रेडिएटरचं झाकण उघडायचं, साधं पाणी ओतायचं, निघायचं. गाडी पाणी प्यायची, आपण पाजायचो.

गंजका_नट

काका, त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते आणि गळले तर डाग देऊन चालायचे. आता जाळी ॲल्युमिनियमची, हेड ॲल्युमिनियमचं, आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) बऱ्याचदा बिडाचा. नुसत्या पाण्यात या धातूंचं आपसात जमत नाही, गंज आणि क्षार दोन्ही वाढतात. कुलंटमधलं ग्लायकॉल गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदू सांभाळतं, पण खरं काम त्यातली गंजरोधक द्रव्यं करतात. आणि ती काही वर्षांनी संपतात, कुलंट दिसायला छान रंगीत असलं तरी.

निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. उकळतं साधारण १०७ ला, आणि झाकणाचा दाब धरला तर सव्वाशेच्या पुढे. म्हणून झाकण महत्त्वाचं. प्रेशर कुकरची शिट्टी ढिली असली तर आत दाब धरत नाही, तसंच.

धागाकर्त्याने झाकण बदलून बघितलं का? त्यात दोन झडपा असतात. एक दाब वाढला की बाहेर सोडते, दुसरी गार होताना बाटलीतून परत आत ओढून घेते. पहिलीचं रबर कडक झालं की यंत्रणा ठरलेल्या दाबाच्या आधीच वाफ सोडायला लागते. चालत्या गाडीत ती उडून जाते, थेंब कसा दिसणार? दुसरी अडकली तर गार झाल्यावर वरचा होज पाइप चपटा होतो. झाकण ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे लक्ष जातं.

बदलताना तोच आकडा छापलेलं घ्या. जास्त दाबाचं "भारी" झाकण घेऊ नका.

वाफाळ

आणि गरम असताना उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी उघडतंच.

अबोली

मी हीटरवर मत देते. माझ्या आधीच्या गाडीत अगदी हेच. बाहेर काही नाही, इंजिन कोरडं ठक्क. पण काचेवर आतून एक चिकट धूसर थर यायचा. पुसला की कपड्याला तेलकट लागायचा. आणि हवा सुरू केली की पहिली दोन मिनिटं गोडसर वास. मला वाटायचं कुठल्यातरी सेंटचा असेल. शेवटी चालकाशेजारच्या सीटसमोरचं पायपुसणं उचललं तर खालचा गालिचा ओला. डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर पाझरत होता.

खात्री करायला मेकॅनिकने युक्ती केली. हीटरला जाणारा आणि येणारा पाइप बाजूला काढून एकमेकांना जोडून टाकले, म्हणजे हीटर वाटेतून वगळला. तसंच काही दिवस चालवलं, पातळी उतरायची थांबली. डॅशबोर्ड उघडण्याआधी हे जरूर करा, तो उघडणं हे हेडपेक्षा काही कमी नाही.

नवशिक्या

पण एसी चालवल्यावर पण त्या बाजूला पाणी येतं ना? ते कसं ओळखायचं?

अबोली

नवशिक्या, एसीचं पाणी गाडीखाली पडतं, वास नसतो, बोटांत घासलं तर पाण्यासारखं, लगेच वाळतं. नळी तुंबली तर तेही आत गालिच्यावर येतं, म्हणून प्रश्न चांगला आहे. कुलंट बोटांना निसरडं चिकट लागतं आणि वाळायला खूप वेळ घेतं. चाखून मात्र बघू नका. गोड लागतं म्हणतात, पण विषारी आहे.

चाकोरीबाहेर

डिझेलवाल्यांसाठी जोड: आमच्यात ईजीआर कुलर नावाचा आणखी एक संशयित असतो. एक्झॉस्टचा गरम धूर कुलंटने गार करणारा भाग. तो आतून चिरला की कुलंट थेट धुराच्या वाटेने जातं. बाहेर काहीच दिसत नाही, लोक हेड उघडतात, गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील करणारी चकती) बदलतात, आणि गाडी परत तेच करते. धागाकर्त्याची पेट्रोल आहे, पण शोधत शोधत कुणी इथे आलं तर उपयोगी पडेल.

तेलकट_रुमाल

इतका खटाटोप कशाला? गळती बंद करणारी बाटली मिळते, ओता आणि विसरा.

गंजका_नट

ओता आणि लक्षात ठेवा, असं म्हणा. ते द्रव्य आपण नेमून दिलेल्या भोकापुरतंच थोडंच काम करतं? हीटरच्या बारीक नळ्या, जुन्या रेडिएटरच्या आधीच निम्म्या भरलेल्या वाहिन्या, तिथेही साका बसतो. पुढच्या हिवाळ्यात हीटर गार, त्यापुढच्या उन्हाळ्यात इंजिन गरम.

तेलकट_रुमाल

माझ्या गाडीत ओतलं त्याला बराच काळ झाला, मजेत चालू आहे. सगळ्यांनाच गाडी अजून दहा वर्षं चालवायची नसते. विकायच्या किंवा मोडीत काढायच्या आधी काही महिने ढकलायचे असतील तर काय वाईट?

उलटतपासणी

विकायच्या आधी? घेणाऱ्याला सांगणार आहात ना?

तेलकट_रुमाल

मोडीत, मोडीत. शब्द पकडू नका.

स्पॅनरधारी

रुमालरावांचं एवढं मान्य की आडरानात अडकलात तर घरी पोचायला उपाय आहे. निदान म्हणून उपयोग शून्य, कारण नंतर खरी गळती शोधणं आणखी अवघड होतं.

आता हेडबद्दल, कारण धागाकर्त्याच्या मनात तीच भीती असणार. गॅस्केट गेलं असेल तर काही खुणा दिसायला हव्यात. गार गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, म्हणजे कुलंट तापायच्या आत, वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो का? रात्रभर गार झाल्यावरही सकाळी झाकण उघडताना दाब सुटल्याचा आवाज येतो का? इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येतात का? सकाळी सुरू करताना क्षणभर एक सिलिंडर अडखळतो का? स्पार्क प्लग काढून बघितले तर बाकीचे काळपट-तपकिरी आणि एकच लख्ख धुतलेला आहे का?

याशिवाय रासायनिक टेस्ट आहे. बाटलीच्या किंवा रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचा पिवळा होतो. आधी थोडं कुलंट काढून पातळी कमी करावी लागते. कुलंट त्या नळीत ओढलं गेलं तर निकाल फुकट. पिवळा झाला तर हेडकडे वळा. नाही झाला तर बाहेरची गळती आधी शोधा, गॅस्केट अगदीच मंद पाझरत असेल तर ही टेस्टही कधी कधी हुलकावणी देते.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत फक्त जवळ जवळ फिरणाऱ्या गाडीत वाफेनेही ती येते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं तर मात्र गाडी सुरूच करू नका.

वाफाळ

मी आत्ता खाली जाऊन प्लग काढून बघितले. माझी गाडी कुलंट खात नाही, पण आता एक प्लग परत बसत नाहीये.

तिसरा_गिअर

अपडेट.

रासायनिक टेस्ट करून घेतली, निळं ते निळंच राहिलं. होज पाइप लवकर कडक होत नाही, बुडबुडे नाहीत, चारही प्लग सारखे. झाकण बदललं.

मग पहाटे गार टेस्ट केली. बराच वेळ काही नाही. आरसा मागच्या बाजूला घातला तर हीटरच्या पाइपावर, क्लिपच्या खाली, पांढरट-हिरवा खरपुडा. वरून अजिबात दिसत नव्हता. तिथे बोट लावलं तर ओलं. पाइपाचं टोक कडक झालं होतं, तेवढा तुकडा बदलला, क्लिप नवीन.

पण पातळी अजून उतरतेय. आधीपेक्षा सावकाश, पण उतरतेय.

वाफाळ

दोन चोर निघाले.

स्पॅनरधारी

जुन्या गाडीत हे अगदी नेहमीचं. एक वाट बंद केली की यंत्रणा पुन्हा पूर्ण दाब धरते, आणि मग जो पुढचा कच्चा जोड आहे तो बोलायला लागतो. त्यात तुम्ही झाकणही नवीन टाकलंय, म्हणजे आत आता बहुधा आधीपेक्षा जास्त दाब आहे. हिरमुसू नका, शोध अर्धा झालाय.

आता चमकणारा रंग टाका. कुलंटमध्ये थोडासा घालायचा, काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवायची, मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायचं. मात्र आधी जुने डाग धुऊन काढा. हिरव्या कुलंटमध्ये बऱ्याचदा मुळातच चमकणारा रंग असतो, नाहीतर मागच्या वर्षीचे ओघळ बघून आजचा चोर पकडल्यासारखं वाटेल.

आणि खालचं प्लास्टिकचं आवरण काढा. इंजिनाखाली ताट बसवलेलं असताना जमिनीवर थेंब शोधण्यात अर्थ नाही.

नवशिक्या

कुलंटचा रंग हिरवा असतो की गुलाबी? माझ्यात गुलाबी आहे, वरून हिरवं घातलं तर?

गंजका_नट

नका घालू. पण रंगामुळे नव्हे. रंग हा ज्याचा त्याचा असतो, त्याला एकच एक नियम नाही. दोन कंपन्यांचं गुलाबी वेगळ्या प्रकारचं असू शकतं. बघायचं ते गंजरोधकाचा प्रकार, आणि तो गाडीच्या पुस्तकात आणि डब्यावर लिहिलेला असतो. विजोड प्रकार मिसळले तर गंजरोधकांचा जोर कमी होतो, काही मिश्रणांत लगदाही होतो. रस्त्यात अडलात तर डिस्टिल्ड पाणी घाला, ते कुठल्याही कुलंटशी भांडत नाही.

सावकाश_काका

म्हणजे पाणीच शेवटी!

गंजका_नट

डिस्टिल्ड, काका. आणि घरी पोचेपर्यंतच.

तिसरा_गिअर

सापडलं.

रंग टाकला, ताट काढलं. ताटाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या कुलंटचा हिरवट थर, आणि त्यावर चिकटून बसलेली धूळ. म्हणजे थेंब पडत होते, ते जमिनीपर्यंत पोचतच नव्हते. रात्री टॉर्च मारली तर वॉटर पंपाच्या खालून एक पिवळट-हिरवी रेघ ब्लॉकवरून खाली आलेली, लख्ख चमकत होती. वर शोधत गेलो तर पंपाच्या अंगावरच्या त्या छोट्या भोकापाशी थांबली.

ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं ना?

स्पॅनरधारी

हो, ते मुद्दामच असतं. पंपाच्या आत एका बाजूला कुलंट, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, मध्ये सील. सील झिजलं की कुलंट बेअरिंगमध्ये शिरायच्या आधी त्या भोकातून बाहेर पडावं, अशी सोय आहे. किंचित डाग असणं चालतं. ओघळ असेल तर पंपाचा काळ भरला. ते भोक बाहेरून बुजवू नका, मी असे महाभाग बघितले आहेत. कुलंट बेअरिंग खातं, मग पंप अडकतो.

तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या आतल्या पट्ट्यावर) चालतो की बाहेरच्या बेल्टवर?

तिसरा_गिअर

टायमिंग बेल्टवर.

स्पॅनरधारी

मग टाळाटाळ नको. पाझर आतल्या बाजूने बेल्टवर गेला तर बेल्ट खराब होतो, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. तेव्हा मात्र खरोखरच हेड उघडावं लागेल. पंप काढायला बेल्ट काढावाच लागतो, तर बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), पंप सगळं एकदमच बदला. थर्मोस्टॅटही जुना असेल तर त्याच वेळी, कुलंट रिकामं केलेलंच असतं.

आणि मेकॅनिकला सांगा, बेल्टचं कव्हर लावायच्या आधी कुलंट भरून एकदा गार प्रेशर टेस्ट करायची. नवीन पंपाची गॅस्केट तिरकी बसली असेल तर तेव्हाच कळेल.

उलटतपासणी

कुलंट भरल्यावर पहिले काही दिवस पातळी थोडी उतरेल. आत अडकलेली हवा निघत असते. तेव्हा परत नवा धागा काढू नका! हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा.

तिसरा_गिअर

पंप, बेल्ट, टेन्शनर, थर्मोस्टॅट सगळं बदललं. कव्हर लावायच्या आधी दाब भरून ठेवला, सगळं कोरडं. उलटतपासणी म्हणाले तसं सुरुवातीला थोडं उतरलं, वर भरलं, त्यानंतर चिकटपट्टीच्या खुणेवर थांबलेलं आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

अबोली

वा! जुनं काढलेलं कुलंट गटारात किंवा उघड्यावर ओतू दिलं नाही ना? गोडसर असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांची वाट लावतं.

तिसरा_गिअर

नाही, बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच दिलंय. तो जुन्या ऑइलसारखं हेही वेगळं साठवून पुढे देतो.

नवशिक्या

हे सगळं वाचून माझी गाडी बघितली. सकाळी रेडिएटरचा वरचा पाइप चपटा झालेला दिसतो, सुरू केली की फुगतो. इथेच विचारू की नवीन धागा काढू?

गंजका_नट

इथेच विचारा. आणि आधी झाकण बदलून बघा, वर दुसऱ्या झडपेबद्दल लिहिलंय तेच असणार.